ठोकळ्यांतून हुबेहूब डंपर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत आज क्वचितच एखादी गल्ली असेल जिथे पुनर्विकासाचं काम चालू नाही. पत्रे ठोकलेले, आत पोकलेन, आणि फाटकाशी डेब्रिज भरून निघालेला दहा चाकी डंपर. प्लास्टिकच्या ठोकळ्यांतून ही गाडी बारकाव्यांसह करायची असं ज्यांनी मनावर घेतलंय, त्यांच्यासाठी हे पान आहे. उत्तरं मुख्यतः तीन आसांच्या टिपरला, म्हणजे याच डंपरला धरून दिली आहेत, काँक्रीट वाहणाऱ्या मिक्सरबद्दलही थोडं आहे. सगळ्या उत्तरांमागे माझा आग्रह एकच आहे: आधी रस्त्यावरची गाडी नीट बघा, मोजा, ती काम कसं करते ते समजून घ्या, आणि मग ठोकळ्यांच्या डब्याला हात लावा.

पहिल्यांदाच करतोय. कुठली गाडी निवडू?

टिपर. त्याच्या रेषा सरळ असतात, हौदा म्हणजे एक उघडी पेटी, आणि हौदा वर उचलला जाणं ही एकच हालचाल मॉडेलला जिवंत करायला पुरते. ट्रान्झिट मिक्सर दिसायला देखणा असला तरी त्याचा ड्रम दोन्ही टोकांना निमुळता होत जातो, आणि चौकोनी ठोकळ्यांतून ती गोलाई काढणं नवख्याचं काम नाही. जेसीबी आणि पोकलेन हा वेगळाच विषय आहे. तिथे सगळा कस हातांच्या सांध्यांत आणि चालायच्या पट्ट्यांत लागतो.

गाडी निवडताना एक बघा: ती तुम्हाला रोज दिसते का? घराखाली काम चालू असेल तर तिथे येणारीच गाडी घ्या. शंका आली की खिडकीतून डोकावता येतं, आणि इंटरनेटवरच्या कुठल्याही चित्रात नसलेली माहिती तिथे मिळते: हौदा उचलणाऱ्या जॅकचा पाइप कुठून जातो, स्टेपनी कुठे टांगली आहे, ताडपत्रीची दोरी कशाला बांधली आहे.

तयार सेट आणू की थेट स्वतःचं रचू?

तांत्रिक ठोकळ्यांची (बीम म्हणजे भोकांच्या पट्ट्या, पिना, गिअर) सवय नसेल तर आधी एक सेट जोडा. लेगोच्या टेक्निक मालिकेतला ४२११२ हा काँक्रीट मिक्सर २०२० मध्ये आला, त्यात १,१६३ भाग आहेत. ४२०४३ हा मर्सिडीज-बेन्झ आरॉक्स २०१५चा, २,७९३ भागांचा. ४२११४ हा व्होल्वोचा सहा चाकी हॉलर २०२०चा, २,१९३ भागांचा. हे सेट आता दुकानात सहज दिसणार नाहीत, पण त्यांच्या जोडणीच्या पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. सेट विकत न घेताही पुस्तिका पानापानाने वाचा. चासी म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा कसा बांधला, गिअर कुठून वळवले, हे त्यातून जितकं कळतं तितकं कुठल्या व्हिडिओतून कळत नाही.

मात्र या गाड्या युरोपी धाटणीच्या आहेत. आपल्या रस्त्यावरच्या टाटा, अशोक लेलँड, भारतबेन्झ किंवा आयशरच्या टिपरची केबिन, हौद्याची उंची, चाकांची ठेवण वेगळी असते. ती हवी असेल तर स्वतःच रचावं लागेल, आणि खरा आनंद तिथेच आहे.

मोजमाप कसं ठरवायचं? प्रमाण कुठलं धरू?

सुरुवात टायरपासून करा. बाकी सगळं ठोकळ्यांतून हव्या त्या मापाचं बनतं, टायर मात्र मिळतो त्याच मापाचा घ्यावा लागतो. म्हणून टायर ठरला की प्रमाण ठरलं.

आपल्याकडच्या टिपरला बऱ्याचदा १०.०० आर २० मापाचे टायर असतात. टायरच्या बाजूवर ते कोरलेलंच असतं, वाचून घ्या. या टायरचा बाहेरचा व्यास साधारण १ मीटर ५ सेंटिमीटर भरतो. आता ठोकळ्यांचे टायर बघा. ६२.४ मिमी व्यासाचा घेतला तर प्रमाण सुमारे १:१७ येतं, ४९.५चा घेतला तर १:२१, आणि ४३.२चा घेतला तर १:२४. गाडीची रुंदी अडीच मीटर धरली तर मॉडेलची रुंदी अनुक्रमे साडेअठरा, पंधरा आणि तेरा स्टड होते. स्टड म्हणजे ठोकळ्यावरची गोल गाठ. एका स्टडपासून दुसऱ्या स्टडपर्यंतचं अंतर ८ मिमी, हे पाठच करून टाका.

माझी पसंती १:२४ला, आणि टायर ४३.२ बाय १४. त्याचं कारण मागच्या आसावर आहे. तिथे प्रत्येक बाजूला दोन-दोन टायर असतात. १४ मिमी रुंदीचा टायर म्हणजे जवळपास दोन स्टड. एका बाजूचे दोन टायर चार स्टड खातात, दुसऱ्या बाजूचे चार, आणि तेरातून आठ गेले की मध्ये पाच उरतात. या पाचांत डिफरन्शियल (दोन्ही बाजूंच्या चाकांना फिरवणारा गिअरचा संच) आणि चासीचे दोन्ही बीम बसतात. रुंद टायर घेतले की मधली जागा संपते आणि मग चासी टायरला घासायला लागते. शिवाय तेरा ही विषम संख्या आहे, म्हणजे बरोबर मध्यावर एक भोक मिळतं आणि मुख्य शाफ्ट (चाकांकडे फिरकी नेणारी दांडी) सरळ मधून नेता येतो. सम रुंदीच्या गाडीत तो अर्धा स्टड इकडे-तिकडे करत बसावं लागतं.

बाकीची मापं फोटोवरून काढा. समोरच्या फूटपाथवर उभं राहा, जितकं लांब जाता येईल तितकं जा, मोबाइल चाकाच्या मध्याच्या उंचीवर धरा आणि झूम करून बाजूचा फोटो घ्या. जवळून घेतला तर गाडी फुगल्यासारखी येते आणि मापं चुकतात. मग फोटोत टायरचा व्यास मोजा आणि प्रत्येक गोष्ट टायरच्या पटीत लिहा. समजा, पुढच्या आसापासून मागच्या जोडीच्या मध्यापर्यंत ३.७ टायर भरले. ३.७ गुणिले ४३.२ म्हणजे १६० मिमी, म्हणजे नेमके २० स्टड. केबिनची उंची, हौद्याची लांबी, डिझेलच्या टाकीची जागा, सगळं याच हिशोबाने वहीत उतरवा. मीटरमध्ये रूपांतर करायची गरजच पडत नाही.

फोटो काढताना ड्रायव्हरदादांना आधी विचारा. बहुतेक जण आनंदाने सांगतात, कधी कधी हौदा उचलूनही दाखवतात. साइटच्या पत्र्यांच्या आत मात्र जाऊ नका.

उंचीचं गणित जमत नाही. ठोकळे आडवे लावले की फट राहते.

ठोकळ्याची उंची ९.६ मिमी आणि प्लेटची, म्हणजे पातळ ठोकळ्याची, ३.२, रुंदी मात्र ८च्या पटीत. त्यामुळे आडवा लावलेला भाग सरळ लावलेल्याशी सहज जुळत नाही. पाच प्लेटची उंची १६ मिमी, म्हणजे बरोबर दोन स्टड. आडवं काम जिथे जिथे कराल तिथे हा पाचाला दोनचा मेळ धरून चला, फट राहणार नाही.

याच आकड्यांतून कुठला बारकावा घ्यायचा आणि कुठला सोडायचा तेही कळतं. १:२४ला एक प्लेट म्हणजे खऱ्या गाडीतले जवळपास आठ सेंटिमीटर. त्यापेक्षा पातळ वस्तू प्लेटने केली की ती बोजड दिसते. आरशाचा दांडा, पायरीची नळी, वायपर यांसाठी बारीक बार आणि क्लिप वापरा, नाहीतर सोडून द्या. अर्धवट जाड आरसा लावण्यापेक्षा आरसा नसलेला परवडला.

चासी मध्येच वाकते. काय करू?

खऱ्या ट्रकची चासी म्हणजे दोन लांब पोलादी पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. तुमचीही तशीच करा. लांब बीम एकामागे एक लावताना जोड एकाच जागी येऊ देऊ नका: बाहेरच्या बीमचा जोड जिथे आहे तिथे आतला बीम अखंड हवा, आणि दोन्ही किमान चार-पाच भोकं एकमेकांवर यायला हवेत. ५ बाय ७ भोकांची चौकट मिळते, ती दोन-तीन ठिकाणी आडवी घातली की कोन हलत नाहीत.

पिनांकडे लक्ष द्या. काळ्या पिना घट्ट बसतात, त्या बांधणीसाठी. राखाडी पिना सैल फिरतात, त्या हलत्या सांध्यांसाठी. दिसायला जवळपास सारख्या असल्याने हाताला येईल ती लावली जाते, आणि मग चासी का डुलते ते कळत नाही.

मागची दोन्ही आसं जमिनीला टेकत नाहीत.

कारण ती चासीला घट्ट जोडली आहेत. खऱ्या टिपरमध्ये मागच्या दोन आसांच्या मध्ये पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगचा संच एका आडव्या खुंटीवर झुलतो. पुढचं चाक खड्ड्याच्या काठावर चढलं की मागचं तितकंच खाली दबतं, आणि भार दोघांवर वाटला जातो. ठोकळ्यांत हे करणं सोपं आहे. प्रत्येक बाजूला एक बीम घ्या, त्याच्या दोन टोकांना दोन आसं, आणि मधलं भोक चासीला सैल पिनेने. बस. एका चाकाखाली आगपेटी सरकवून बघा: बाकीची सगळी चाकं टेकलेली राहिली की काम बरोबर झालं. चाकांना मोटर जोडायची असेल तर शाफ्टमध्ये युनिव्हर्सल जॉइंट (वाकूनही फिरणारे सांधे) लागतील, आणि त्यांना जागा लागते. पहिल्या मॉडेलला ते टाळा.

स्टिअरिंग वळवलं की टायर मडगार्डला घासतो.

चाक ज्या खुंटीवर वळतं ती टायरपासून लांब असली की टायर वळताना मोठी कमान घेतो. खुंटी रिमच्या जितकी आत नेता येईल तितकी न्या. तरीही घासत असेल तर मडगार्ड एक प्लेट वर घ्या. स्टिअरिंगचा खटका केबिनच्या छपरावरच्या दिव्याला जोडला तर हाताने वळवायला सोपं जातं आणि वेगळी मूठ दिसत नाही. केबिनमधलं चाक उजवीकडे ठेवायला विसरू नका. युरोपी पुस्तिका बघून बांधणारे नेमके इथे फसतात.

हौदा उचलतच नाही. मोटर करकरते, जॅक टकटक करतो. काय चुकतंय?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. बहुतेक जण मोटर बदलायला जातात, दोष मात्र जॅकच्या जागेत असतो.

रस्त्यावर बघा. हल्लीच्या बऱ्याच टिपरमध्ये जॅक केबिनच्या मागे, हौद्याच्या पुढच्या टोकाला, जवळजवळ उभा असतो. हौदा मागच्या बिजागरीवर फिरतो, भाराचा मध्य हौद्याच्या मध्यावर, आणि जोर लावला जातो सगळ्यांत लांबच्या टोकाला. हौदा २५ स्टड लांब धरा. भार बिजागरीपासून साडेबारा स्टडवर, जॅक २४ स्टडवर. म्हणजे भाराच्या निम्म्याहून किंचित जास्त जोर लावला की हौदा हलतो. जॅक एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा असतो आणि सुरुवातीला सगळ्यांत जाड नळी बाहेर येते, कारण सगळ्यांत जास्त ताकद तेव्हाच लागते. हौदा वर जात जातो तसा भार बिजागरीकडे सरकतो आणि काम हलकं होत जातं.

आता मॉडेलमध्ये आपण काय करतो? जॅक लपवायचा म्हणून चासीत जवळजवळ आडवा झोपवतो आणि बिजागरीपासून सहा स्टडवर जोडतो. १५ अंशांच्या तिरप्या जॅकचा खरा जोर सहा स्टडवर लागतच नाही, जेमतेम दीड स्टडवर लागतो. साडेबाराला दीडने भागा: भाराच्या आठपट जोर हवा. पुढे उभ्या लावलेल्या जॅकच्या तुलनेत हे पंधरापट झालं. मोटर बिचारी काय करणार.

मग जॅक पुढेच का लावू नये? कारण हौद्याचं पुढचं टोक ४५ अंशांपर्यंत न्यायचं तर ते सतरा स्टड वर जायला हवं, आणि ठोकळ्यांच्या जॅकची धाव तितकी नसते. म्हणून मधला मार्ग घ्यावा लागतो. जॅकचं वरचं टोक बिजागरीपासून आठ-दहा स्टडवर जोडा आणि खालचं टोक चासीच्या दोन बीमच्या मध्ये जितकं खाली नेता येईल तितकं न्या, म्हणजे हौदा पूर्ण बसलेला असतानाही जॅक निदान ४० अंशांत उभा राहील. नऊ स्टडवर ४० अंशांत लावला तर भाराच्या सव्वादोनपट जोर पुरतो. तेवढा जोर हाताने फिरवलेल्या खटक्यातूनही मिळतो. शाफ्ट आणि जॅक एकाच जागेसाठी भांडतील. अशा वेळी शाफ्टचा हट्ट सोडा, जॅकची जागा पक्की ठेवा.

टकटक आवाज म्हणजे जॅकमधला क्लच सुटतोय. भाग तुटू नये म्हणून ती सोय केलेली असते. आवाज आला की थांबा.

बिजागरी शेवटच्या आसाच्या मागे घ्या, आणि हौदा किमान ४५ अंश उचलला जाईल असं बघा. कोरडी वाळू सुमारे ३४ अंशांच्या उतारावर थांबते, ओला मुरूम त्याहूनही चिकट. कंपासपेटीतला कोनमापक लावून तपासा. भरायला गोल १ बाय १ प्लेट घ्या, राखाडी रंगाच्या, त्या हुबेहूब खडीसारख्या दिसतात. रवा, माती, वाळू यांतलं काहीही हौद्यात टाकू नका. गिअरमध्ये गेलेला रवा निघत नाही.

मागचा फाळका आपोआप उघडायला हवा. जमेल का?

जमेल, आणि हे जरूर करा. फाळका वरच्या कडेला टांगलेला असतो आणि खाली दोन आकड्यांनी धरलेला. हौदा बसलेला असताना आकडा अडकतो, उचलला की सुटतो, आणि फाळका आतल्या मालाच्या दाबाने बाहेर ढकलला जातो. मॉडेलमध्ये हौद्याच्या तळाशी एक सैल आकडा लावा आणि त्याची शेपटी चासीवर टेकू द्या. हौदा खाली असताना चासी शेपटीला वर रेटते आणि आकडा फाळक्याला धरून ठेवतो. हौदा उचलला की शेपटी मोकळी होते, आकडा स्वतःच्या वजनाने खाली पडतो. ना दोरी, ना स्प्रिंग. पहिल्यांदा खडी सरसरत खाली येते आणि फाळका तिच्या मागे झुलत राहतो, तेव्हा घरातली सगळी माणसं बघायला येतात.

गिअर कुठले वापरू?

साध्या गिअरचे दात ८, १६, २४ आणि ४० असतात. दोन गिअरच्या दातांची बेरीज निम्मी करा, तेवढे मिलिमीटर त्यांच्या मध्यांत अंतर लागतं. ८ आणि २४ची बेरीज ३२, अंतर १६ मिमी, म्हणजे दोन स्टड. ८ आणि ४०ला तीन स्टड. आठाने चोवीसला फिरवलं की वेग तिसऱ्या हिश्श्यावर येतो आणि जोर तिप्पट होतो. हौद्यासाठी वर्म गिअर (स्क्रूसारखे आटे असलेला) उत्तम: वर्म गिअरला फिरवतो, पण गिअर वर्मला उलटा फिरवू शकत नाही, त्यामुळे हात काढला तरी हौदा खाली पडत नाही.

केबिन चपटी आणि खेळण्यासारखी दिसते.

बहुधा सगळे स्टड वर तोंड करून राहिले आहेत. आपल्या टिपरची केबिन म्हणजे एक उभी, सपाट पेटी. तिचा पुढचा चेहरा आडव्या बांधणीत करा, म्हणजे बाजूला स्टड असलेले ठोकळे आत लावून त्यांवर गुळगुळीत टाइल चढवा. जाळी, बंपर, दिव्यांची चौकट हे थर एकेका प्लेटने पुढे-मागे करा. सावली पडली की चेहऱ्याला उठाव येतो. काच किंचित तिरकी हवी. केबिन पुढे झुकवता येईल अशी केली तर खाली सहा सिलिंडरचं इंजिन दाखवता येतं, पण १:२४ला ते फार दाटीचं होतं.

जुन्या माणसांना नाकवाला टाटा हवा असतो. टाटा आणि डेमलर-बेन्झचा करार १९५४चा, आणि त्या वळणाचे बॉनेटवाले ट्रक पुढे कित्येक वर्षं मुंबईत विटा-वाळू वाहत होते. तो करायचा असेल तर बॉनेटची गोलाई आणि वेगळे उठलेले मडगार्ड यांवरच सगळा वेळ द्या. बाकी गाडी सोपी आहे.

गाडी मुंबईची वाटायला काय काय हवं?

नंबरची पिवळी पाटी, त्यावर काळी अक्षरं. मालवाहू गाड्यांची तीच असते. एमएच ०१ ताडदेवचा, ०२ अंधेरीचा, ०३ वडाळ्याचा, ४७ बोरिवलीचा. पुढचा क्रमांक काल्पनिक टाका, रस्त्यावरच्या कुणाच्या गाडीचा नको. चमकणारी पट्टी पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. एक प्लेट उंचीच्या टाइलच्या रांगेने ती छान दिसते.

ताडपत्री विसरू नका. महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये धुळीबद्दल जी नियमावली काढली, त्यात माल झाकून नेणं आणि साइटवरून निघताना चाकं धुणं आहे. जुन्या सुती रुमालाचा तुकडा हिरवा किंवा निळा रंगवून, कडेला दोरा ओवून हौद्यावर बांधा. कापड ठोकळ्यांत खपतं का, असं काही जण विचारतात. ताडपत्री कापडासारखीच पडायला हवी, म्हणून मी कापडाच्याच बाजूने आहे.

मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायचं का? महाराष्ट्राने २०१५ मध्ये ते लिहायला बंदी घातली. आजची गाडी करत असाल तर नको, जुना नाकवाला टाटा असेल तर खुशाल लिहा. पुढे लिंबू-मिरची, आरशाला काळा गोंडा, बंपरवर गाडीचं नाव. केबिनच्या छपराजवळ एखाद्या देवाचं नाव असतंच, ते मात्र सुवाच्य अक्षरात छापून लावा.

मिक्सरचा ड्रम कसा करायचा?

सोपा मार्ग म्हणजे ४२११२ सेटमधले ड्रमचे खास वक्र भाग मिळवणं. ते नसतील तर आठ किंवा बारा बाजूंचं कडं करा: बिजागरीच्या प्लेटवर पट्ट्या जोडून गोल वळवा, मधला भाग सरळ, दोन्ही टोकं निमुळती. आतून एक लांब ॲक्सल (फिरणारी दांडी) हवा. मागच्या बाजूला ड्रम कधीही ॲक्सलवर लटकता ठेवू नका. खऱ्या गाडीत तिथे ड्रमच्या कड्याखाली दोन रोलर असतात, तसेच द्या.

ड्रमच्या आत पिळाची पाती असतात. एका दिशेला फिरला की काँक्रीट तळाकडे ढकललं जाऊन ढवळलं जातं, उलट फिरला की तेच पातं माल तोंडाकडे आणतं. मॉडेलमध्ये मध्ये एक जादा गिअर सरकवायची सोय ठेवा, दिशा उलटते.

सुटे भाग कुठे मिळतील? इतके महाग का?

मोठ्या खेळण्यांच्या दुकानांत सेट मिळतात, सुटे भाग नाही. सुट्या भागांसाठी ब्रिकलिंक ही जगभरच्या विक्रेत्यांची बाजारपेठ आहे. परदेशातून मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क आधी तपासा. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६०वर गेलं आणि २०२३ मध्ये ७०वर. किमतीत त्याचा मोठा वाटा राहिला आहे. त्यामुळे पाच-पाच भाग मागवू नका, सगळी यादी एकत्र करा, ओळखीचे दोघे-तिघे असतील तर एकाच पार्सलमध्ये मागवा. वापरलेले, मोकळे ठोकळे किलोवर विकणारेही भेटतात. राखाडी आणि काळे भाग त्यातून घ्या, चासीत ते दिसत नाहीत.

क्रॉफर्ड मार्केटमधले स्वस्त ठोकळे चालतील का?

चालतील, पण सगळीकडे नाही. हौदा, केबिनची भिंत, साइटचा देखावा यांना चांगल्या प्रतीचे स्वस्त ठोकळे पुरतात. गिअर, पिना, ॲक्सल आणि जॅक मात्र मूळ कंपनीचेच घ्या. ॲक्सल किंचित पिळला गेला की सगळी हालचाल अडखळते. डब्यावर आयएसआय चिन्ह आहे का बघा. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१पासून ते सक्तीचं आहे. दुकानातच दोन ठोकळे जोडून, सोडवून, पुन्हा जोडून बघायला संकोच करू नका.

आधी संगणकावर करू का?

रंग आणि भाग यांची यादी काढायला जरूर. ब्रिकलिंकचं स्टुडिओ हे सॉफ्टवेअर फुकट आहे, साधा लॅपटॉपही चालतो. एखादा भाग तुम्हाला हव्या त्या रंगात निघालाच नसेल तर तिथेच कळतं. पण जॅकचा जोर, बीमचं वाकणं, पिनेची ढिलाई पडद्यावर दिसत नाही. चासी आणि हौद्याची यंत्रणा हातानेच करा, मिळतील त्या रंगात, आणि ती चालली की मग संगणकावर उतरवा.

मोटर लावू का?

पहिल्या मॉडेलला नको. हाताच्या खटक्याने सगळं सुरळीत चालत असेल तरच मोटर लावण्यात अर्थ आहे. लावायचीच तर एक मोटर हौद्याला, बस. लॅमिंग्टन रोडवर छोट्या मोटर, स्विच, दिवे, बॅटरीचे डबे सगळं मिळतं. हेडलाइटला दोन पांढरे एलईडी लावले तर संध्याकाळी गाडी फार सुंदर दिसते.

चिकटवून टाकू का?

नाही. झटपट चिकटणाऱ्या डिंकाने प्लास्टिकवर पांढरट धूर बसतो, तो जात नाही. जिथे सुटतंय तिथे बांधणी सुधारा.

छोटं घर, दमट हवा, धूळ. ठेवू कुठे?

१:२४चा टिपर साधारण तीस सेंटिमीटर भरतो, काचेच्या शोकेसमध्ये बसतो. उन्हाची तिरीप येते त्या खिडकीशी ठेवू नका, पांढरे आणि फिकट राखाडी भाग पिवळे पडतात. दमटपणाने ठोकळ्यांना काही होत नाही. बॅटरीच्या पट्ट्या मात्र गंजतात, पावसाळ्यात बॅटरी काढून ठेवा. धुळीला रुंद मऊ ब्रश पुरे. धुवायचं झालं तर कोमट पाणी, ४० अंशांच्या आत, साधा साबण, आणि पंख्याखाली वाळवणं. कागदी पाट्या, कापड आणि मोटर आधी काढा.

प्रदर्शनाला लोकलने न्यायचंय.

म्हणूनच केबिन, हौदा आणि चासी वेगवेगळी निघतील अशी रचा: प्रत्येकी दोन-चार पिनांत सुटतील इतपत. तिन्ही भाग वेगळ्या डब्यांत, मधल्या फटींत जुने टॉवेल. आरसे, दिवे, पाट्या छोट्या डबीत. गर्दीच्या वेळी जाऊ नका आणि पिशवी रॅकवर टाकू नका, मांडीवर ठेवा. सोबत जादा काळ्या पिनांची पुडी असू द्या.

मुलगा आठ वर्षांचा आहे. त्याच्याबरोबर करता येईल?

उत्तम येईल. मोजमाप आणि भाग निवडणं त्याच्याकडे द्या, जॅकची जागा दोघांनी मिळून शोधा. त्याने जोडलेलं त्याच्यामागे सरळ करत बसू नका. घरात तीन वर्षांखालचं बाळ असेल तर मात्र काम उंच टेबलावर आणि बारीक भाग झाकणाच्या डब्यात. १ बाय १ची प्लेट सहज घशात अडकते.

दुसऱ्याच्या आराखड्यावरून बांधलं तर चालेल का?

रीब्रिकेबलसारख्या संकेतस्थळांवर लोक आपले आराखडे देतात, काही फुकट, काही पैसे घेऊन. विकत घेतलेला आराखडा मित्रांच्या गटात वाटू नका, त्यामागे माणसाचे महिने गेलेले असतात. त्यावरून बांधलं, बदल केले, फोटो टाकले, तर मूळ रचणाऱ्याचं नाव लिहा. आणि तुमचा टिपर तयार झाला की त्याची मापं, टायरचा नंबर आणि जॅकच्या जागेचा फोटो सगळ्यांना दिसेल असा ठेवा. आपल्याकडच्या गाड्यांचे आराखडे फार थोडे आहेत, आणि पुढच्याला सुरुवात तिथूनच करता येईल.